भरलेले कोठार, रिकामे टेकाड

डोंगराच्या पायथ्याशी गवताचा एक विस्तीर्ण माळ होता आणि त्या माळावर एक चंडोल राहत असे. मुलांनो, चंडोल दिसायला अगदी साधा, मातीच्या रंगाचा पक्षी. पण तो गात गात आभाळात चढू लागला की चरणारी हरणेसुद्धा मान वर करून थांबत. रोज संध्याकाळी माळावरच्या एका टेकाडापाशी गाण्याची सभा भरे. चंडोल गाई आणि एक म्हातारा तित्तिर त्याला ठेका धरी. ऐकायला येणारे प्राणी जमेल तसे दाणे आणत. सभेचा अध्यक्ष होता एक माळढोक. उंचापुरा, गंभीर, मोजके बोलणारा. तो ते दाणे गोळा करी आणि गाणे संपले की गाणाऱ्यांना त्यांचा वाटा देई. त्यावरच चंडोलाचे घर चाले.

एका उन्हाळ्यात माळाला वणवा लागला. गवत जळाले, गवताचे बी जळाले. ऐकणाऱ्यांकडे आणायला फारसे काही उरले नाही. मुंग्यांची कोठारे मात्र जमिनीत खोल होती, म्हणून ती वाचली. एक वडीलधारी मुंगी आपल्या वारुळात म्हणाली, "आगीला भ्यालेली पिल्लं सध्या गाणं ऐकूनच झोपतात. गाणारे जगले पाहिजेत." मग मुंग्यांनी रांग लावून आपल्या कोठारातले दाणे माळढोकाकडे पोचवले. "हे सभेतल्या गाणाऱ्यांसाठी," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. माळढोकाने मान लववून आभार मानले, दाणे टेकाडाखालच्या खड्ड्यात ठेवले आणि वर दगड सरकवला.

त्याच संध्याकाळी त्याने गाणाऱ्यांना बोलावले. "दिवस वाईट आले आहेत," तो म्हणाला. "आजपासून तुमचा वाटा निम्मा."

तित्तिर हळूच म्हणाला, "अध्यक्षसाहेब, मुंग्यांनी धान्य दिलं असं कानावर आलं."

"ते सभेचं धान्य आहे. पुढचं साल कसं जाईल कुणी सांगावं? सभा टिकली तर तुम्ही टिकाल."

चंडोलाला ते खरे वाटले. शिवाय वाट्यावरून वाद घालणे त्याला कमीपणाचे वाटे. तो गप्प राहिला. काही दिवसांनी निम्म्याचेही निम्मे झाले, तेव्हाही तो गप्पच राहिला. घरट्यात अंडी फुटून पिल्ले बाहेर आली होती. त्यांच्या उघड्या चोचींकडे बघवत नसे, म्हणून तो आभाळात जरा जास्तच वेळ राहू लागला. पण पोटात काही नसताना सूर किती उंच जाणार? तो अर्ध्यातूनच खाली येई. एके दिवशी तित्तिराने आपले दाणे त्याच्यापुढे सरकवले. "तुझ्या घरी खाणारी तोंडं आहेत," तो म्हणाला. "मी एकटा जीव. ओढ्यापलीकडच्या शेतात काही सांडलेलं मिळतंय का बघतो."

"काका, तिकडे फास लावलेले असतात," चंडोल म्हणाला.

"जपून जाईन," तित्तिर म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी सभेला ठेका नव्हता. सकाळी चंडोल ओढा ओलांडून गेला. शेताच्या बांधावर त्याला एक तुटका फास दिसला आणि मातीत विखुरलेली ठिपक्यांची पिसे दिसली.

संध्याकाळी सगळे जमले. माळढोक म्हणाला, "सुरू कर." चंडोलाने चोच उघडली नाही.

पुढे बसलेल्या वडीलधाऱ्या मुंगीने विचारले, "चंडोलदादा, तित्तिरकाका कुठे आहेत?"

"दाणे शोधायला शेतात गेले होते. फासात सापडले."

"दाणे शोधायला?" मुंगी म्हणाली. "आणि आम्ही दिलेले?"

चंडोलाने माळढोकाकडे पाहिले, तसे सगळ्यांनीच पाहिले. माळढोकाने दगड बाजूला केला. खड्डा काठोकाठ भरलेला होता. "बघा," तो म्हणाला, "मी यातला एक दाणाही खाल्लेला नाही." आणि ते खरेच होते.

"तुम्ही खाल्ला नाहीत, हे दिसतंच आहे," मुंगी म्हणाली. "पण ज्यांच्यासाठी दिला, त्यांनीही खाल्ला नाही." आणि तिने आपल्या रांगेला खड्ड्यात उतरायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी उन्हे चढायच्या आत चंडोलाच्या दारात दाणे पोचले. चंडोलाची पिल्ले हळूहळू सावरली. तो पुन्हा गाऊ लागला, पण वारुळापाशी. गाण्यात जिथे तित्तिर ठेका धरत असे, तिथे तो क्षणभर थांबे, आणि ऐकणारेही माना खाली घालून थांबत. माळढोक मात्र दर संध्याकाळी टेकाडावर येऊन उभा राही. "सभेची वेळ झाली," असा निरोपही पाठवी. टेकाड होते, अध्यक्ष होता, वेळही तीच होती. फक्त येत कुणी नव्हते.

तात्पर्य : संस्था म्हणजे तिच्यात राबणारी माणसे. त्यांना उपाशी ठेवून संस्था वाचवता येत नाही. आणि मदत ज्याच्यासाठी दिली, त्याच्या हाती ती वेळेवर पडली नाही, तर ती राखून ठेवणाराही दोषीच ठरतो.