हरकतीचा दगड

नांदिवळ्याच्या कुंभारतळ्यात कमरेइतक्या पाण्यात एक काळा दगड उभा आहे. त्याला हरकतीचा दगड म्हणतात. गावात बंधारा घालायचा असो की झाडे लावायची असोत, काम काढणाऱ्याने आधी त्या दगडापाशी उभे राहून विचारायचे, "कोणाची हरकत?" आणि पाणी निवळेपर्यंत थांबायचे. साहेबलोकांच्या ते जिवावर येते. पण काठावरून विचारलेले येथे चालत नाही.

असे सांगतात की, पूर्वी येथे तळे नव्हते, नदी होती. देसायांचे कारभारी विसाजीपंत यांनी ती अडवून खालच्या गावाला पाणी द्यायचे ठरवले. काम पुण्याचेच. लोकांना विचारायला हवे, हेही पंतांना कळत होते. त्यांनी दवंडी पिटवली, ती खालच्या गावात, जिथे पाणी मिळणार होते. कोणाचीच हरकत निघाली नाही. निघणार कशी! बांधाच्या आतल्या अंगाला, जिथे पाणी तुंबणार होते तिथे नदीकाठी, कुंभारवाडा होता. तिकडची वाट चिखलाची, आणि पंतांचे जोडे नवे होते म्हणे.

ज्येष्ठात बांधाची मोरी बंद केली. डोंगरावर पाऊस लागला होता, पाणी बघता बघता चढले. पंत बांधावर नारळ फोडणार, तोच त्यांची बायको धापा टाकत आली.

"अहो, आपली येसू लग्नाची मडकी आणायला कुंभारवाड्यात गेलीय!"

"मोरी उघडा!" पंत ओरडले. पाण्याच्या रेट्याखाली फळी हलेना. ते काठाकाठाने हाका मारत धावले. पाण्याने भट्ट्या गिळल्या, मग छपरे. माणसाचा आवाज येईना. येत होता तो फक्त मडकी थापटल्याचा. पाण्याखालून.

मग पालथ्या मडक्यांना बांधलेली येसू तरंगत आली.

"बाकीचे गं?"

"भाजलेली मडकी एवढीच होती, बाबा. कच्ची सगळी विरली. भागू कुंभारीण म्हणाली, तू जा, आणि विचार त्यांना, आम्हाला का नाही विचारलंत?"

पंत तसेच पाण्यात शिरले आणि विचारू लागले, "कोणाची हरकत?" ते बाहेर आलेच नाहीत. उभ्या जागी त्यांचा दगड झाला म्हणे.

आजही बहुतेकांना तेथे काही ऐकू येत नाही, आणि काम सुरू होते. कधी मात्र पायाखालून थापटल्याचा आवाज येतो. गेल्या साली पठारावर झाडे लावायला आलेले वनीकरणाचे एक साहेब हसत पाण्यात उतरले. वर आले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. "पठारावर गुरं कोण चारतं?" एवढेच त्यांनी विचारले, आणि चिखलातून तिकडे चालू लागले. जोडे काठावरच राहिले.