राजांच्या ताटातला पहिला घास

धुमाळगडच्या हैबतराव राजांना वाटे, सारी अक्कल देवाने त्यांच्याच पगडीखाली ठेवली आहे. त्यांच्या कोळशाच्या भट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या धगधगत होत्या. त्यांच्या धुराने हवा तापली, कोंडगावचे झरे आटले. म्हणून तिथली पाटलीण भागाबाई "भट्ट्या विझवा" म्हणायला आली, तेव्हा राजे पंगतीत बसले होते.

"बाई, माणूस जन्मायच्या आधीपासून पृथ्वी आपोआप तापते नि गोठते," राजे हसले. "तेव्हा काय माझ्या भट्ट्या होत्या?"

भाटांनी माना डोलावल्या.

एवढ्यात राजांच्या ताटातला पहिला घास चाखायला नेहमीचा सेवक पुढे आला. भागाबाईने त्याला अडवले. "बस रे बाबा. तुझी गरज नाही."

"आणि कोणी विष घातलं असेल तर?" राजे कडाडले.

"महाराज, विष सापडायच्या आधीपासून माणसं आपोआप मरतच आली आहेत. मग विषानं कोण मरणार? जेवा निर्धास्त!"

राजांचा हात अधांतरी राहिला. सेवकाला बोलवावे, तर आपलेच बोलणे खोटे. न बोलवावे, तर जिवाची भीती. भात निवत चालला.

अखेर भट्ट्या विझवायचा हुकूम सुटला, तेव्हाच सेवकाने घास चाखला. भाटांनी लगेच राजांच्या दूरदृष्टीवर कवन रचले.