आंबेविहीरच्या पोथीघरात हात का जोडत नाहीत

अहो ताई, हात जोडू नका. हात धुवा, कोरडे करा, मग पोथीला लावा. आंबेविहीरच्या पोथीघराचा हाच रिवाज. बाहेरच्या पाटीवर 'इतिहास संग्रहालय व संशोधन केंद्र' असं लिहिलंय, पण गावाला हे सगुणाचं पोथीघरच. इथं फूल चालत नाही, कुंकू चालत नाही, उदबत्ती दाराबाहेरच विझवायची. आलेल्यानं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि मगच पुढं जायचं. खिडकीतून ते काळं पाणी दिसतंय ना, ते शाईतळं. त्यामागं एक गोष्ट आहे. गोड नाही, आधीच सांगतो.

फार वर्षांमागं गावात त्र्यंबकभट नावाचे वैद्य होते म्हणे. डोंगरातल्या झाडपाल्याची औषधं त्यांनी जन्मभर पारखली आणि एका पोथीत लिहून काढली. सगुणा ही त्यांची एकुलती एक लेक. लोकांची बोलणी खाऊन त्यांनी तिला लिहायला-वाचायला शिकवलं. वैद्य गेले तेव्हा गाव ढसाढसा रडलं, आणि त्यांची पोथी पालखीतून नेऊन देवळात बसवली. रोज तुळशीचं पाणी, हळदकुंकू, सणावाराला दुधाचा अभिषेक. आणि शाई काजळीची, पाणी लागलं की विरघळणारी, बरं का! सगुणा विनवायची, "एकदा उघडू द्या, नक्कल तरी करून घेते." गुरव हसायचा. "देवाला कुणी उघडून बघतं का गं, पोरी?" आणि वरून आणखी एक लाल फडकं बांधायचा.

पुढं तापाची साथ आली. घरोघर माणसं अंथरुणाला खिळली. सगुणाची लेक चिमी, तीही तापानं फणफणली. औषधाची मुळी सगुणाला ठाऊक होती, डोंगरातून तिनं ती आणलीही. पण मुळी विषारी. कमी पडली तर ताप उतरत नाही, जास्त झाली तर माणूस उठत नाही. नेमकं माप होतं पोथीत. तिनं देवळाच्या पायरीवर डोकं आपटलं तेव्हा कुठं पंचांना पाझर फुटला. पण अमावास्या तोंडावर आलेली, म्हणून गुरवानं पोथी उघडायचं पुढं ढकललं. मेल्यांना मुहूर्त हवा होता!

मुहूर्त आला, वाजतगाजत पोथी सोडली. फडक्यामागून फडकं निघालं आणि आत निघाला काळा लगदा. दूध, पाणी, कुंकू मुरून पानं एकजीव झालेली. सगुणानं नखानं एक पान सोडवून पाहिलं, तर ते भिजल्या पापडासारखं तुटून हातात आलं. अक्षर म्हणून दिसेना. लोकांनी तरीही त्या लगद्याला हात जोडले, असं सांगतात.

ती घरी आली आणि अंदाजानं मुळी उगाळली. विषाच्या भीतीनं हात आखडला, मुळी कमीच पडली. दिवेलागणीला चिमी गेली.

दुसऱ्या दिवशी सगुणानं देवळातून तो लगदा उचलला आणि सगळ्यांदेखत तळ्यात फेकला. "माझ्या बापाची विद्या तुम्ही पुजून पुजून मारलीत," ती म्हणाली, "आणि तिच्यापाठोपाठ माझं लेकरू." तेव्हापासून तळ्याचं पाणी काळं. त्यानंतर ती पंचक्रोशीत दारोदार हिंडली. ज्या देव्हाऱ्यात पोथी दिसेल तिथं उंबऱ्यावर ठाण मांडून बसायची. कुणी शिव्या दिल्या, कुणी अंगावर कुत्रं सोडलं. तिनं मिळेल ती पोथी आणली, वाळवली, उतरून काढली. या कपाटांतल्या सगळ्यात जुन्या नकला तिच्याच हातच्या म्हणे. शेवटी शेवटी तिनं तळ्याकाठच्या दगडावर चार ओळी कोरून घेतल्या, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचाव्यात म्हणून.

आजही तो दगड तळ्याकाठी उभा आहे. सगुणा गेल्यावर गावानं तिची सगुणाई केली. पोराला ताप आला की त्या दगडापुढं नारळ फोडतात, शेंदूर फासतात. शेंदराचा थर बोटभर जाड झालाय. खाली काय कोरलंय, ते आज गावात एकालाही सांगता येत नाही. मागं एकदा मी विळा घेऊन खरवडायला बसलो, तर माझ्याच सुनेनं येऊन हात धरला. म्हणाली, "मामा, पोराला ताप आहे. आज देवीला दुखवू नका."