पाणी दाखवा

माणसं जनावरांचे अर्ज घेत असत, तेव्हाची गोष्ट. रानातला पाणवठा आटला. गुराखी गुरांना पाजताना 'पाणी दाखवतो' म्हणतात, हे हरिणीनं ऐकलं होतं. तिनं सरकारला लिहिलं, "पाडस तहानलंय. आम्हाला पाणी दाखवा."

अर्ज शब्दशः मंजूर झाला. अनुदान आलं. कोरड्या पाणवठ्याच्या काठावर उंच मनोरा उभा राहिला, पर्यटकांसाठी बाकं आली आणि पाटी लागली : 'येथून धरणाचे पाणी दिसते.'

वानर सरसर वर चढलं.

"दिसतंय का रे?" खालून हरिणीनं विचारलं.

"दिसतंय, मावशी. लांब आहे, पण निळंशार आहे."

"लाटा आहेत?"

"आहेत की!"

हरिणीनं पाडसाला कुशीत घेतलं. "मग याला झोप लागेपर्यंत सांगत राहा, बाबा."