कापडगल्लीत चाक का येत नाही

"मंडळी, बॅगा उचलून घ्या. इथून पुढे चाक जमिनीला टेकवायचं नाही," असं म्हणून आम्हा प्रवाशांना शहर दाखवणाऱ्या वैजूताई ओगले गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. लग्न होऊन बुडापेस्टला आल्या, त्या आता तिथल्याच झाल्या आहेत. समोर दुतर्फा दुकानं, माणसांची ही गर्दी. पण मोटार नाही, साधी सायकलही नाही.

असं का, याची हकिगत तिथले जुने लोक सांगतात.

पूर्वी या गल्लीतून घोडागाड्या नदीकडे जात. दगडी फरसबंदीवर चाकांच्या लोखंडी धावांचा नुसता खडखडाट. इथे मात्याश नावाचा हातमोजे शिवणारा राहत असे. त्याची मुलगी बोरिश्का तापाने फणफणली. गाडी गेली की पोर दचकायची आणि तिला आकडी यायची. "हिला शांत झोप लागली, तरच आशा आहे," वैद्य म्हणाले. मात्याशने दारापुढे गवत अंथरलं. चाकांनी ते पार विस्कटून टाकलं.

शेजारी लाझार कापडवाला. सामाईक भिंतीवरून दोघांचं वैर. बोलणं कधीचंच बंद. पण एका दुपारी पोरीची किंकाळी ऐकून तो उठला, आणि लोकरी तागे रस्त्यावर उलगडत सुटला.

"अहो, थंडीचा सगळा माल आहे हा!" बायको कळवळली.

"असू दे. पोर जगली, तर या गल्लीत पुन्हा चाक येऊ देणार नाही मी."

ते पाहून कुणी रजई आणली, कुणी पडदे. तेवढ्यात एका सरदाराची बग्गी आली. गाडीवानाने चाबूक उगारला. लाझार सरळ कापडावर आडवा झाला. तेव्हा आतून म्हातारी सरदारीण उतरली, तिने बूट काढून हातात घेतले म्हणे, आणि गाडीवानाला म्हणाली, "तू वळसा घालून ये. मी चालत जाते."

बोरिश्का वाचली. कापड मात्र चिखलाने वाया गेलं. हिवाळ्याआधी नवा माल आला, तो गल्लीबाहेरच उतरवावा लागला. पहिला तागा खांद्यावर घेऊन लाझारच्या दुकानात शिरला तो मात्याश. कुठे ठेवू, एवढंच त्याने विचारलं. इतक्या वर्षांनी तेच पहिलं बोलणं.

"हे खरंच घडलं असेल?" आमच्यातल्या पोरेकाकांनी विचारलं.

"देव जाणे," वैजूताई म्हणाल्या.

आजही कुणी आई बाबागाडी घेऊन गल्लीपाशी आली, की कडेचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर येतो. एका बाजूने तो उचलतो, दुसऱ्या बाजूने आई. बाळ झोपलेलं असेल, तर दोघंही चकार शब्द बोलत नाहीत.