हुद्द्यासकट नाव

दिवेआगरच्या होमस्टेची देखरेख सुलभा पाटकरांकडे होती. तिथल्या दारांना किल्ल्या नव्हत्या; आकडे दाबले की कुलूप उघडायचं. एकदा पर्यटन खात्याचे उपसंचालक धारवाडकर आले आणि समुद्राकडच्या खोलीसाठी अडून बसले. त्या खोलीत उतरलेलं शिक्षक जोडपं तेव्हा किनाऱ्यावर गेलं होतं.

“त्यांचं सामान बाहेर काढा. मी कोण आहे ठाऊक आहे ना? नोकरी घालवीन तुमची.”

सुलभाताई अदबीने कुलपाकडे वळल्या. “उघडते की, साहेब. फक्त कुलूप उघडलं की त्या पाहुण्यांच्या फोनवर लगेच निरोप जातो. कोणी उघडायला लावलं, तेही मी कळवते. तुमचं नाव नुसतं लिहू, की हुद्द्यासकट?”

साहेब खोकले. “मागची खोलीही हवेशीर दिसते,” म्हणत स्वतःच बॅग उचलून निघाले.

सुलभाताई स्वयंपाकघरात शिरल्या आणि तोंडात पदर कोंबून पोट दुखेपर्यंत हसल्या.