वैरणीचा भारा

दौलतरावांचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे. त्यांची पंधरा वर्षांची लेक शर्वरी वेटलिफ्टिंगच्या जिल्हा स्पर्धेसाठी निवडली गेली, तेव्हा शाळेचे सर परवानगी मागायला घरी आले.

"वजनानं पोरींची उंची खुंटती," दौलतराव म्हणाले. "अठरा पुरी होईस्तोवर हिनं जड काय उचलायचं न्हाई."

"नीट शिकवलं तर काही होत नाही, डॉक्टरही तेच सांगतात," सर म्हणाले. पण ऐकतो कोण? शर्वरी डोळे पुसत आत गेली. दाराआड उभ्या असलेल्या नव्या सुनेनं, केतकीनं, शब्दन् शब्द ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी म्हशींनी ओरडून गोठा डोक्यावर घेतला.

"शर्वरे, वैरण कुठाय?" दौलतरावांनी हाक दिली.

"वन्संनी भारा बांधून शेतातच ठेवलाय, मामा," केतकी पदर सावरत म्हणाली. "रोज डोक्यावरनं आणतात, पण ओला भारा जड. तुमचा शब्द कसा मोडायचा?"

"मग तू आण की!"

"अंगाची हळद निघेस्तोवर सुनेनं भारा उचलायचा नाही, हाही तुमचाच शब्द. बाकीचे कामावर गेलेत. आणि तुमची उंची तर वाढून झालीय, मामा. तुम्हाला कसला धोका?"

दौलतराव तणतणत शेतात गेले. भारा गुडघ्यापर्यंत आला आणि पुन्हा खाली बसला. बांधावरूनच त्यांनी सरांना फोन लावला.

"पोरगी उद्यापासनं सरावाला येतीया, सर. आज तेवढी मला पायजे."